इंजिन पाणी खाते तेव्हा

ह्या स्मरणिकेसाठी आमच्या संध्याकाळच्या मोटार-दुरुस्ती वर्गाच्या वतीने एखादा उपयुक्त पाठ लिहून द्यावा, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. आम्ही लेखक नव्हे. आमचे हात कागदापेक्षा ग्रीसला अधिक सरावलेले. तरीही आज्ञा मोडवेना. म्हणून वर्गात दर वर्षी आवर्जून सांगतो तो एक पाठ येथे मांडत आहोत. पाठ ट्रकच्या इंजिनाचा आहे. परंतु तो केवळ मिस्त्री लोकांपुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या दारात गाडी आहे, ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, किंवा ज्यांना एखादी वस्तू ‘आपोआप नाहीशी झाली’ हे ऐकून घ्यावे लागते, त्या सर्वांना त्यात काही सापडेल.

‘गाडी पाणी खाते’ हे वाक्य मोटारीच्या धंद्यातील प्रत्येकाच्या कानावरून शेकडो वेळा गेलेले असते. रेडिएटर रोज थोडे रिकामे होते, खाली थेंब दिसत नाही, ड्रायव्हर रोज पाणी घालतो आणि गाडी चालत राहते. मग एके दिवशी भर चढावर काटा लाल खुणेवर जातो, आणि जे काम एका लहानशा गॅस्केटवर भागले असते ते हेडपर्यंत जाऊन पोहोचते. विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की इंजिन पाणी खात नाही. ते त्याच्या पोटात पचत नाही. ते कोठून तरी बाहेर जाते. जी वाट आपणांस दिसली नाही तिला आपण ‘खाणे’ म्हणतो, एवढेच.

ज्या गाडीने हा पाठ आम्हांस पुरतेपणी शिकविला तिची हकीकत आधी सांगतो.

भाजीची गाडी

दोनतीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक सहाचाकी ट्रक आमच्याकडे आला. बेळगावची भाजी गोव्यात नेण्याचे त्याचे काम. रात्री माल भरायचा, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरायचा, केरी, साखळी करीत पहाटे म्हापसा गाठायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचे. एका खेपेला सुमारे दीड लिटर कूलंट कमी होई. परतीच्या चढावर इंजिन तापे.

आमच्याकडे येण्यापूर्वी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एकाने रेडिएटरचे झाकण आणि होज पाइप बदलले. दुसऱ्याने वॉटर बॉडी नवी बसविली. फरक पडला नाही. तेव्हा ‘हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन उघडावे लागेल’ असा निकाल मिळाला. मालकांचा मात्र निराळाच तर्क होता. त्यांच्या मते ड्रायव्हर पाणी पाहतच नव्हता. घाटात गाडी तापवून हेड त्यानेच घालविले होते. त्यांनी आधीच्या दोन दुरुस्त्यांचे काही पैसे त्याच्या पगारातून कापले होते, आणि हेड उघडल्यावर त्याला कामावरून काढण्याचेही ठरविले होते.

ड्रायव्हर पन्नाशीच्या घरातला गृहस्थ. आमची मुले त्यांना मामा म्हणू लागली. ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, रोज पाणी घालतोय की मी. गाडीच पितीया, त्याला मी काय करू सांगा.”

ह्यावर आम्ही त्यांची बाजूही घेतली नाही आणि मालकांचीही नाही. आम्ही मालकांना एवढेच म्हणालो, “शेठ, आठ दिवस द्या. हेड उघडायचे ते उघडूच. पण पाणी कोठे जाते हे कळल्यावर उघडू.” भाजीचा धंदा थांबविणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि आम्हांसही गाडी चालती हवी होती. उभ्या गाडीत हा दोष सापडत नव्हता, हे दोन गॅरेजवाल्यांनी सिद्ध केलेच होते.

प्रथम मोजमाप

अशा कामात पहिले हत्यार पाना नव्हे, वही होय.

पाणी कमी होते, असे सांगितले जाते. पण किती, किती दिवसांत, आणि कशाच्या मानाने? पातळी नेहमी थंड इंजिनावर, सपाट जागी, शक्य तर एकाच वेळी पाहावी. कूलंटच्या डब्यावर चिकटपट्टीची खूण करावी. जे घालावयाचे ते मापाच्या बाटलीने घालावे आणि लिहून ठेवावे. तांब्याने ओतलेल्या पाण्याचा हिशोब लागत नाही.

येथे एक खोटी गळतीही ओळखून ठेवावी. द्रव तापला की फुगतो. साधे पाणी २५ अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापले तर शेकडा तीनहून थोडे अधिक फुगते. ग्लायकॉल मिसळलेले कूलंट त्याहून जास्त. ज्या इंजिनात २० लिटर द्रव मावतो तेथे ही वाढ पाऊण लिटराच्या आसपास जाते. तेवढ्यासाठीच डब्यात वरची जागा रिकामी ठेवलेली असते. दक्ष ड्रायव्हर काळजीपोटी डबा काठोकाठ भरतो. इंजिन तापले की जास्तीचा द्रव झाकणावाटे बाहेर जातो. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते आणि तो पुन्हा काठोकाठ भरतो. अशा गाडीला कोणताही रोग नसतो. म्हणून आठवडाभर फक्त खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये पातळी ठेवून पाहावे. कित्येक गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात.

मामा डबा काठोकाठ भरीत नव्हते. त्यांची पातळी बरोबर होती. एक शंका गेली.

झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे

रेडिएटरचे किंवा डब्याचे झाकण हा एक व्हॉल्व्ह आहे, हे नवख्याला पटत नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. बेळगावसारख्या सुमारे साडेसातशे मीटर उंचीच्या गावी ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. परंतु बंद डब्यात वातावरणाच्या वर साधारण तितकाच आणखी दाब, म्हणजे मिस्त्री ज्याला १ किलो म्हणतात तेवढा, धरून ठेवला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हा दाब धरून ठेवणे हे झाकणाचे काम. त्याची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर फाटले की पाणी लवकर उकळते आणि वाफ निघून जाते. वाफेचा डाग राहत नाही.

ह्याच कारणासाठी गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतला तापलेला द्रव उसळून तोंडावर येतो. आमच्या वर्गात ह्या एका चुकीला क्षमा नाही. दुसरी गोष्ट कूलंटची. त्यात असलेले एथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि पोटात गेल्यास घातक असते. काढलेले कूलंट उघड्या पाटीत ठेवू नये. कुत्री ते चाटतात, आणि लहान मुलांनाही त्याचा मोह होतो.

बाहेरच्या वाटा

मोजमाप झाल्यावर बाहेरून पाहणी. होज पाइपाच्या क्लिपा, रेडिएटरच्या टाकीचा सांधा, इंजिनाच्या अंगातील पत्र्याची बुचे, केबिन-हीटर असल्यास त्याच्या नळ्या, आणि वॉटर बॉडीच्या पोटाला असलेले बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की तेथून द्रव पाझरतो आणि मिस्त्रीला सूचना मिळते. ते बुजवून ‘गळती बंद केली’ म्हणणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

काही गळत्या फक्त थंडपणी होतात. रात्री धातू आणि रबर आकसतात, क्लिपेखालून चार थेंब पडतात, सकाळी इंजिन तापले की सांधा पुन्हा घट्ट होतो. उलट काही गळत्या फक्त गरमपणी होतात. थेंब तापलेल्या लोखंडावर पडून उडून जातो. अशा ठिकाणी द्रव दिसला नाही तरी त्याची राख दिसते. कूलंट वाळले की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे राहतो. मिस्त्रीने ओले शोधू नये, वाळलेले शोधावे.

आणि येथेच आमची पहिली फसगत झाली. मामांची गाडी आरशासारखी स्वच्छ! घाटातून आल्यावर ती धुतल्याशिवाय ते घरी जात नसत. ज्या सद्गुणाचे एरवी आम्ही कौतुक केले असते त्यानेच सर्व साक्षीपुरावा धुऊन टाकला होता. आम्ही त्यांना विनंती केली, “मामा, आठ दिवस गाडीला पाणी लावू नका.” त्यांना ते फार जड गेले.

बाहेरची पाहणी संपली की हातपंपाने दाब देऊन पाहावे. थंड इंजिनावर, झाकणाच्या जागी पंप बसवून, झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब द्यावा. अधिक देऊन रेडिएटर फाडू नये. अर्धा तास काटा स्थिर राहिला पाहिजे. आमच्या गाडीचा काटा तसूभर हलला नाही. मागच्या गॅरेजनेही हीच परीक्षा केली होती आणि त्यावरून ‘बाहेर गळती नाही, अर्थात हेड’ असे अनुमान काढले होते. अनुमानाचा पहिला भाग ठीक होता. दुसरा भाग उडी होती.

आतल्या चार वाटा

बाहेर वाट नसेल तर आत चार वाटा संभवतात. त्या क्रमाने तपासाव्यात.

पहिली वाट सिलिंडरमध्ये. हेड गॅस्केट जळाले, हेडला तडा गेला किंवा लायनरला भोक पडले तर द्रव ज्वलनाच्या जागी शिरतो. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहते. उलट बाजूने ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आणि डब्यात बुडबुडे उठतात. रात्रभर द्रव सिलिंडरमध्ये साचला असेल तर सकाळी स्टार्टर मारू नये. द्रव हवेसारखा दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

लायनरच्या भोकाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो दोष आपणच लावून घेतो. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर सूक्ष्म थरथरतो. त्याच्या ओल्या अंगाला द्रवात बारीक वाफेचे फुगे उठतात आणि क्षणात फुटतात. प्रत्येक फुटणारा फुगा धातूवर सुईसारखा आघात करतो. कूलंटमधील औषधी द्रव्ये लायनरवर एक पातळ कवच धरून त्याचे रक्षण करतात. आपण रोज नुसते विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालीत गेलो की औषध पातळ होते, कवच जाते, आणि काही काळाने लायनरला आरपार छिद्र पडते. शिवाय क्षार साचतात ते निराळेच. म्हणजे जी गळती ‘घाल पाणी, चालव गाडी’ म्हणून आपण सोसतो तीच पुढे दुसरी, मोठी गळती निर्माण करते.

दुसरी वाट ऑइलमध्ये. लायनरच्या खालच्या रबरी कड्या गेल्या तर कूलंट थेट चेंबरमध्ये उतरते. ऑइल कूलर फुटला तर प्रकार गमतीचा असतो. इंजिन चालू असता ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद झाल्यावर कूलंटचा दाब काही वेळ टिकतो, म्हणून कूलंट ऑइलमध्ये येते. डबा तेलकट, दांडीवरचे ऑइल दुधाळ. मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थंडीच्या दिवसांत थोडा दुधाळ थर केवळ हवेच्या ओलाव्याने येतो. त्यावरून घाबरून इंजिन उघडू नये.

तिसरी वाट धुराच्या कूलरमध्ये. भारतात २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना बी. एस. ६ चे नियम लागू झाले. धूर कमी घातक व्हावा म्हणून अनेक इंजिनांत जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा आत घेतात. हे थंड करण्याचे काम कूलंटचे. त्या कूलरची आतली नळी फुटली की द्रव धुरात जाऊन वाफ होतो. बाहेर एक थेंबही पडत नाही. ज्याला हा भाग ठाऊक नाही तो मिस्त्री हेड उघडून बसतो, आणि हेड निर्दोष निघते.

चौथी वाट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती हवेच्या कॉम्प्रेसरमध्ये. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा दाबणारा लहानसा पंप इंजिनावरच बसविलेला असतो. हवा दाबली की अतिशय तापते, म्हणून मोठ्या गाड्यांत पुष्कळदा त्या पंपाच्या हेडला इंजिनाचेच कूलंट फिरविलेले असते. हवा आणि कूलंट ह्यांच्यामध्ये एक गॅस्केट, एवढाच आडपडदा.

आमच्या गाडीची पहिली वाट तपासताना डबा उघडून इंजिन सुरू केले, तो बुडबुडे! मुले आनंदाने ओरडली, “सर, हेडच!” आम्हीही क्षणभर तसेच समजलो, हे कबूल केले पाहिजे. ऑइल स्वच्छ होते. धुराच्या कूलरची नळी काढून पाहिली, आत कोरडी काजळी. धूर पांढरा नव्हता. सगळी बोटे हेडकडे दाखवीत होती.

परंतु मामांची वही अजून यावयाची होती.

घाटातील वही

आम्ही मामांना एक दोन रुळ्यांची वही दिली होती. डबा अर्धपारदर्शक असल्यामुळे झाकण न उघडता पातळी बाहेरून दिसे. त्यांनी ती बेळगावात निघताना, चोर्ल्याला उतार लागण्यापूर्वी, खाली केरीला, म्हापशात, आणि परतीला पुन्हा केरीला व चोर्ल्याला पाहावी; प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे गाडी उभी करून मग पाहावी; गरम पातळीची गरम पातळीशीच तुलना करावी, असे ठरले. पाच खेपांची ती वही. अक्षर वेडेवाकडे, पण एकही रकाना रिकामा नव्हता.

वही पाहून आम्ही थक्क झालो. मालक, आधीचे मिस्त्री, आणि आम्हीही असे धरून चाललो होतो की पाणी परतीच्या चढावर जाते, कारण गाडी तापते ती तेथे. वही सांगत होती की चढावर पातळी जवळजवळ हलत नाही. पाणी कमी होते ते जाताना, चोर्ला ते केरी ह्या उतारावर! पाचही खेपांना तेच. चढावर गाडी तापत होती ती आधीच कमी झालेल्या कूलंटमुळे.

विद्यार्थ्यांना आम्ही विचारले, “उतारावर इंजिनाला काम किती?” ते म्हणाले, जवळजवळ नाही, गाडी उतरते, डिझेल फारसे जळत नाही. “मग हेड गॅस्केट जळालेले असेल तर त्यातून वायू केव्हा अधिक सुटावा?” चढावर, कारण ज्वलनाचा जोर तेथे असतो. “आणि उतारावर कोणाला काम जास्त?”

थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागे बसलेला एक मुलगा हळूच म्हणाला, “ब्रेकला.”

बुडबुड्यांची साक्ष

त्या मुलाच्या एका शब्दाने तपासाची दिशा बदलली. आता बुडबुडे कशाचे आहेत हे विचारावयाचे होते. ज्वलनाच्या वायूचे असतील तर त्यात कर्बवायू हवा. कॉम्प्रेसरचे असतील तर ती साधी हवा.

ह्यासाठी एक निळा द्रव मिळतो. डब्यावरची वाफ-हवा त्यातून ओढली असता कर्बवायूने तो पिवळा पडतो. थंड इंजिनाचे झाकण काढून, पातळी थोडी कमी करून, नळी बसवून आम्ही इंजिन सुरू केले आणि गरम होईपर्यंत थांबलो. द्रव निळाच राहिला. मात्र डिझेल इंजिन रिकामे फिरत असता त्याच्या धुरात कर्बवायू कमी असतो, म्हणून एकट्या ह्या परीक्षेवर निकाल देऊ नये, हेही मुलांना सांगितले.

खरी परीक्षा पुढची. कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर सतत फिरतो, पण सतत हवा भरीत नाही. टाकीत साधारण ८ किलोच्या आसपास हवा झाली की गव्हर्नर त्याला रिकामा फिरू देतो. ब्रेक वापरून दाब काहीसा उतरला की पुन्हा कामाला लावतो. आम्ही चाकांना अडणी लावली, इंजिनाचा वेग थोडा वाढवून धरला आणि एका मुलाला हवेच्या काट्यावर, दुसऱ्याला डब्यावर बसविले.

काटा चढत होता. बुडबुडे येत होते. काटा आठावर पोहोचला, गव्हर्नरचा ‘फुस्’ असा आवाज झाला. बुडबुडे विरळ झाले आणि मिनिटाभरात थांबले. इंजिन तसेच चालू होते, वेग तोच, उष्णता तीच. हेडमधून वायू सुटत असता तर तो गव्हर्नरचे ऐकून थांबला नसता. मग मामांना ब्रेक पाचसहा वेळा दाबावयास सांगितले. काटा उतरला, कॉम्प्रेसर भरू लागला आणि डब्यात पुन्हा बुडबुडे. तीन वेळा केले, तीनही वेळा तेच.

हवेच्या टाकीचा नळ उघडून खालचे पाणी पांढऱ्या बशीत घेतले. टाकीत थोडे पाणी साचतेच, ते हवेतल्या ओलाव्याचे. ह्या पाण्याला मात्र फिकी हिरवी छटा होती. आणि आठ दिवस न धुतलेल्या गाडीखाली, डब्याच्या सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाशी आणि मागे चेसिसवर, वाळलेला हिरवट ओघळ सापडला.

सारा प्रकार असा होता. कॉम्प्रेसरचे गॅस्केट एका बाजूने जळाले होते. उतारावर ब्रेक सारखे वापरले जात, कॉम्प्रेसर सारखा भरी, आणि ८ किलोची हवा १ किलोच्या कूलंटमध्ये घुसे. ती हवा आपल्या जागेसाठी कूलंटला डब्यात ढकली, तेथून झाकणावाटे रस्त्यावर. थंडपणी हातपंपाने दिलेल्या १ किलोला ती बारीक फट उघडतच नसे, म्हणून काटा स्थिर राही. इंजिन बंद झाल्यावर उलट थोडे गरम कूलंट कॉम्प्रेसरमध्ये आणि तेथून ब्रेकच्या हवेत जाई.

ह्या शेवटच्या वाक्याने आमच्या अंगावर काटा आला. आम्ही सर्व जण इंजिनाची चिंता करीत होतो. खरा धोका ब्रेकला होता. त्या हवेवर भरलेली गाडी रोज रात्री चोर्ल्याचा घाट उतरत होती.

दुरुस्ती आणि हिशोब

कॉम्प्रेसरचे हेड उतरविले. गॅस्केटवर जळालेली काळी रेघ एका बोटाएवढी. हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेतला, नवे गॅस्केट घातले. हवेच्या सर्व टाक्या रिकाम्या केल्या, हवा कोरडी करणारी डबी बदलली, ब्रेकचे व्हॉल्व्ह उघडून तपासले आणि ज्यांची रबरे फुगली होती ती नवी टाकली. पातळ झालेले कूलंट पूर्ण काढून, इंजिन धुऊन, नवे ठरल्या प्रमाणात भरले. हेड उघडण्याच्या खर्चाच्या मानाने हे सर्व क्षुल्लक होते.

त्यानंतरही वही चालू ठेवली. दुरुस्ती झाली असे मिस्त्रीने म्हणावयाचे नसते; ते वहीने म्हणावयाचे. दहा खेपा झाल्या, पातळी चिकटपट्टीच्या खुणेवरून हलली नाही.

मालकांना आम्ही जळालेले गॅस्केट आणि मामांची वही, दोन्ही दाखविली. ते बराच वेळ वही चाळीत होते. मग म्हणाले, “मास्तर, मी ह्याला पाणी बघत नाही म्हणून बोललो होतो.” त्यांनी कापलेले पैसे त्याच आठवड्यात परत केले, हे आम्ही त्यांच्या मोठेपणाची खूण म्हणून येथे नमूद करतो. मामा अजून त्याच गाडीवर आहेत. “आता गाडी धुऊ का?” एवढेच त्यांनी आम्हांस विचारले.

वर्गातील फळ्यावर आम्ही ह्या पाठाचे सार लिहितो ते असे. आधी मोजा. मग बाहेर पाहा, मग आत. एक परीक्षा एकच गोष्ट सिद्ध करते. तिच्याकडून दोन वदवून घेऊ नका. दोष कोठे दिसतो आणि कोठे होतो, ह्या दोन जागा निराळ्या असू शकतात. भाग बदलून दोष शोधू नका. दोष शोधून भाग बदला. आणि जो माणूस गाडीजवळ रोज असतो त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या हाती वही द्या.

आमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले आज बेळगावात, गोव्यात आणि त्याहून दूरच्या रस्त्यांवर काम करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातून उद्या एखादी गाडी घाटात सुखरूप उतरेल आणि एखाद्या गरिबाची नोकरी वाचेल. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या जमाखर्चात ही जमा कोठे दिसणार नाही. परंतु ती मांडून ठेवावी म्हणूनच आम्ही हा पाठ लिहिला. वाचकांनी चुकभूल पोटात घालावी.